यात्रेच्या गाण्यातले आबा

१८ ऑगस्ट, सोमवार
सोसायटीच्या गणपतीत यंदा तीन संध्याकाळी तीन सिनेमे, सगळे बापू खळदकरांचे. महाराष्ट्राला हसवणारा माणूस गेला त्याला वर्ष होतंय, म्हणून. त्यांचे सर्वोत्तम तीन निवडायची जबाबदारी माझ्यावर. सेक्रेटरी मधुसूदन म्हणाले, आदिनाथ, तुम्ही क्वालिटीतले, तुम्हीच करा. (मीटिंगला वेळेवर पोचलेला मी एकटाच होतो, हे सोडून देऊ.)
संकल्प: स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवायची. चाकणला कंपनीत इतकी वर्षं पार्ट रिजेक्ट करतोय, सिनेमाला वेगळा न्याय का? चेकशीट करणार.

२० ऑगस्ट
गावाहून आईचा फोन. पुनमने सासूला बातमी लगेच पोचवलेली दिसते. आई म्हणाली, 'बैल गेला सासरी' लाव की. त्याचं शूटिंग माझ्या जन्माआधी आमच्या गावच्या यात्रेत झालं होतं आणि यात्रेच्या गाण्यात आबा आहेत. बैलापाशी उभे आहेत आणि हसतायत.
वडील गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांचा हसतानाचा एक फोटो घरात नाही. भिंतीवर आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला. आई म्हणाली, फोनवर मानूस मुंगीएवढा दिसतो, एकदा मोठ्या पडद्यावर बघू दे.
हा सिनेमा टीव्हीवर दाखवीन असं मी तिला गेल्या दिवाळीत म्हणालो होतो. त्याच्या आधीच्या दिवाळीतही, बहुतेक.
म्हणालो, आई, लावतोच. शब्द.

२४ ऑगस्ट, रविवार
चेकशीट तयार. क्रायटेरिया: हशे, कथा, संवादांची पातळी, आणि गाण्यांत वाया गेलेला वेळ (मायनस मार्क). आज दोन सिनेमे पाहिले. हातात स्टॉपवॉच असल्यामुळे हसायला सवड मिळाली नाही. पुनम किचनमधून नुसते संवाद ऐकून खो खो हसत होती. तिचे हशे धरले नाहीत. ती कशालाही हसते. लग्नाला हो म्हणतानाही हसली होती.

२९ ऑगस्ट
निकाल. पहिला 'सरपंचाची स्कूटर', दुसरा 'दोन घोडे, एक नवरदेव', तिसरा 'पाहुणा मुक्कामाला'. 'बैल गेला सासरी' शेवटून दुसरा. गाणीच सात! यात्रेच्या गाण्यात तर मागे एक बारका माणूस पोट धरून हसत सुटतो, सगळा शॉट बिघडवतो. अर्धा मार्क कापला. आबा काही दिसले नाहीत, पण स्पीड वाढवून पाहत होतो.
आईला सांगायला फोन उचलला. मग तिची जेवणाची वेळ असेल म्हणून ठेवला. दुपारचे चार वाजले होते.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

३० ऑगस्ट
ॲसिडिटी नसावी. पुनम म्हणाली, आईंनी ज्योतीरामतात्यांची गाडी सांगून ठेवलीय. तात्या म्हणजे आबांचे जिवाभावाचे मित्र, गावात शेजारीच राहतात. आईने नवं पातळही काढून ठेवलंय म्हणे. मला कोणी विचारलंच नाही.
चेकशीटमध्ये नवा क्रायटेरिया घातला: स्थानिक महत्त्व. 'बैल' थेट तिसऱ्या नंबरवर. याला दबाव म्हणत नाहीत, रिव्हिजन म्हणतात. दोन पोळ्या जास्त गेल्या.

२ सप्टेंबर
पहिली संध्याकाळ, माझा नंबर एकचा सिनेमा. कोणी हसलं नाही. साउंड सिस्टिमचा दोष. मधुसूदन म्हणाले, आरतीला उशीर होतोय, पुढचे सिनेमे दीड तासात बसवा.

३ सप्टेंबर
'बैल'मधली सातही गाणी एकदम काढली. सिनेमा बरोब्बर दीड तासात. इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. पेन ड्राइव्ह मधुसूदनांकडे देऊन टाकला, वेळेच्या आधी.
यात्रेचं गाणं तेवढं परत जोडायचंय. लक्षात आहे. उद्या सकाळी. पाच मिनिटांचं काम.

४ सप्टेंबर, सकाळ
कंपनीतून फोन. कस्टमरने अख्खा लॉट परत पाठवला. निघतोय. लॅपटॉप सोबत घेतलाय. गाणं लंच टाइममध्ये जोडतो.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
तळवड्यात ट्रॅफिक. गाडी हलत नाही म्हणून फोनवर लिहितोय. लंच झालंच नाही, हा माझा दोष नाही. पुनमचा मेसेज: आई पहिल्या रांगेत बसल्यात. लॅपटॉप मागच्या सीटवर आहे. तिकडे बघवत नाही.

५ सप्टेंबर
काल रात्री लिहवलं नाही.
मी पोचलो तेव्हा पडद्यावर यात्रा सुरू होत होती. आईने पदराने डोळे पुसले, मान पुढे केली. ढोलावर एक ठोका पडला आणि पुढच्या क्षणाला तहसील कचेरी. आई तशीच मान पुढे करून बसून राहिली, शेवटपर्यंत. आजूबाजूचे लोक मात्र हसत होते, खुर्च्या सोडून हसत होते. तिन्ही सिनेमांत हाच एक चालला.
नंतर आई म्हणाली, माझीच पापनी लवली आसंल, येऊन गेलं व्हय रं तुझं आबा?
मी हो म्हणालो. आले होते, पटकन गेले.
ज्योतीरामतात्या आईची पिशवी उचलून गाडी काढायला गेले.
लाज वाटते. याला दुसरं कुठलं नाव सुचत नाहीये.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
आज सुट्टी. मूळ सिनेमा लॅपटॉपवर लावला आणि गाणं नीट पाहिलं. आबा सापडले! लाल फेटा, झुपकेदार मिशा, ताठ उभे, बैलाच्या वेसणीवर हात. नाक तर माझंच. खूप रडलो. फोटो काढून डीपीला आणि स्टेटसला ठेवला: 'आबा, तुमची उणीव रोज भासते.' ग्रुपवर हात जोडलेले भराभर आले. मधुसूदनांनी लिहिलं, काय करारी चेहरा!
उद्या मोठा टीव्हीच गाडीत घालून गावी नेणार. आईला खरं काय ते सांगणार आणि मग दाखवणार.

७ सप्टेंबर, रविवार
टीव्ही गाडीत मावला नाही. लॅपटॉप नेला.
आईला सांगितलं की गाणं मीच काढलं होतं आणि वर खोटंही बोललो. आई म्हणाली, ठावं हाय मला, लाव आता.
लावलं. लाल फेटा आला तसं थांबवलं, बोट ठेवलं. आई हसायलाच लागली. म्हणाली, आरं, ह्यो तर ज्योतीराम!
तात्या उंबऱ्यात चहा पीत बसले होते. म्हणाले, कालपास्नं पाव्हण्यांचं फोन येत्यात, कवा गेलं म्हनून इचारत्यात. मी हाय आजून, बाबा.
मग आबा कुठायत, मी विचारलं. आईने पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. बैलाच्या मागे एक बारका माणूस, टोपी मागे सरकलेली, बापू खळदकरांकडे बघत पोट धरून हसतोय.
तोच. ज्याचा मी अर्धा मार्क कापला होता.
आबा इतकं हसायचे, हे मला माहीतच नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला, पण मला भिंतीवरचा फोटोच आठवत राहिला. आई म्हणाली, परत लाव. लावलं. म्हणाली, परत. तिसऱ्या वेळेला ती पडद्यातल्या माणसाबरोबर हसायला लागली, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.
घरी आलो. डीपीवर अजून तात्याच आहेत. उद्या सकाळी बदलतो. पाच मिनिटांचं काम.