श्रावणी सोमवारचा पाऊस

सर, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होतील. आज माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलं, "मॅडम, ग्रँट कधी येणार?" मी अगदी तुमच्या सुरात म्हणाले, "येईल गं, धीर धर." म्हणून हे लिहायला बसले.

ओतूरच्या कॉलेजात तेव्हा अख्ख्या विभागाला एकच कॉम्प्युटर. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, आणि दुसऱ्याने ओळ न् ओळ तपासल्याशिवाय तुम्ही मशीनला हात लावू द्यायचा नाहीत. माझा कागद कायम तिच्याकडे. माझ्याच वर्गातली, मामाकडे राहून शिकणारी, शिनोलीची ती. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना गावोगावच्या पावसाच्या जुन्या नोंदींवर काम करायला दोन प्रोग्रॅमर हवे होते आणि तुम्ही आम्हा दोघींची नावं कळवलीत. फक्त ग्रँट मंजूर व्हायची होती. सात महिने मी तुमच्या दारात खेटे घालते आहे, आणि तुम्ही हसताय, "आगं, दिल्लीची फाईल हाय ती. आपली एष्टी तरी कुठं येळंवर येती?" ती मात्र एकदाही विचारायची नाही. प्राध्यापकांनी पाठवलेल्या नमुन्याच्या नोंदी खुशाल वाचत बसायची. तिचा तो शांतपणा मला खुपायचा. जळायचेच मी तिच्यावर, सरळच सांगते.

त्या नोंदी नेमक्या शिनोलीच्या होत्या. माझ्या प्रोग्रॅममध्ये रिकामा रकाना म्हणजे शून्य पाऊस. माझा कागद तपासता तपासता ती थांबली. "ह्ये रिकामे रकाने सगळे श्रावणातले सोमवार हायत नव्हं? आमच्याकडं सोमवारी समदे भीमाशंकरला जात्यात. पाऊस मोजणारे अप्पा बी. मग मंगळवारी दोन दिसांचं पाणी एकदमच मोजत्यात. पाऊस पडला व्हता गं, मोजला न्हाई."

"तुझंच गाव हाय म्हणून ठावं. त्यात कसली हुशारी?" मी म्हणाले. ती हसली. घरी जाऊन मी तेच गुपचूप माझ्या प्रोग्रॅममध्ये घातलं.

शेवटी ग्रँट आली, पण कापून. जागा एकच उरली. मुलाखतीला आधी मी आत गेले आणि सोमवारचं सगळं माझंच म्हणून सांगितलं. प्राध्यापक खूश झाले. मग ती गेली. तिनेही तेच सांगितलं असणार, आणि हे आधीच्या मुलीने सांगितलंय, असं तिने ऐकून घेतलं असणार. बाहेर येऊन तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. परतीच्या एसटीत नारायणगाव येईपर्यंत आम्ही शेजारी बसून होतो. नोकरी मला लागली. ती घोडेगावला शाळेत शिकवू लागली.

तुमच्या आजारपणात मी भेटायला आले, तर ती उशाशी बसून तुम्हाला पेपर वाचून दाखवत होती. मी कधीमधी येणारी पाहुणी, ती घरची. तुम्ही माझा हात धरलात. "पोरी, त्या सोमवारचं तुलाच बरं सुचलं!" तिने मान वर केली नाही, पुढची बातमी वाचायला घेतली.

हे पत्र निदान तिला तरी पाठवावं, असं मघाशी मनात आलं. नाही पाठवणार. त्या दिवशीही मी गप्प राहिले, आणि ते लाजेने नव्हे, सर. खरं कळलं असतं तर तुम्ही तिला "वा!" म्हणाला असतात, आणि ते मला ऐकवलं नसतं.