नोकरीआधीचे रोडगे

मु. टेंभी, ता. नेर
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप सौ. इंदुताईस,

धाकट्या रामरावचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. भाऊजींनाही सांगणे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला काय? थांबला नसेल तर डॉक्टरला दाखव, आणि थांबला असेल तरी दाखव, कारण थांबलेला खोकला आत बसून काय करतो ते कोणी पाहिले आहे? इकडे सर्व खुशाल. (तसे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले.) फोनच करणार होतो, पण घर दोन खोल्यांचे आणि पोरगा नयन केव्हा दारात येऊन उभा राहील याचा नेम नाही, म्हणून पत्र. सातवी नापासाचे अक्षर आहे, सांभाळून घे.

नयनला पुण्याच्या कंपनीने दिवाळीनंतर काढले हे तुला ठाऊक आहेच. याला आपल्याकडे नारळ देणे म्हणतात, म्हणून मी त्याला विचारले, बाबू, साहेब दोन शब्द तरी बोलले काय? तर म्हणाला, सगळ्यांना एकदम कॉम्प्युटरवर बोलावले, एक बाई बोलली, आणि तिचे बोलणे संपायच्या आत याचा पासवर्ड बंद झाला. ताई, आपल्या वडिलांनी सालगड्याला काढायचे मनात आणले तरी ते पाडव्यापर्यंत थांबत. साल पुरे होऊ देत, त्याला शेजारी बसवून जेवू घालीत, आणि हात धुतल्यावर सांगत. तो रडायचा आणि वडीलही रडायचे. (एकदा तर इतके रडले की त्याला पुन्हा ठेवून घेतला.) कॉम्प्युटरवरच्या बाईला कोणाचे जेवण झाले आणि कोणाचे राहिले, हे कसे दिसणार?

तेव्हापासून तो आतल्या खोलीत बसून अर्ज करतो. मुलाखतीही तिथेच होतात. वर इस्त्रीचा सदरा घालतो आणि खाली अर्धी चड्डी, कारण साहेबाला पोटाच्या वरचेच दिसते म्हणे. मी दाराबाहेर बसतो. इंग्रजी मला समजत नाही, पण पोराचा आवाज समजतो. पहिल्या महिन्यात आवाज ताठ होता. मग मऊ झाला. आताशा तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो आवाज जरासा वाकतो, आणि मला वाटते आत जावे आणि साहेबाला सांगावे की हा पोरगा आईच्या आजारपणात तीन महिने दवाखान्यात जमिनीवर झोपला आहे, याला आणखी काय विचारता? पण जात नाही. नकार आला की तो बाहेर येतो, तोंड धुतो आणि म्हणतो, "बाबा, नाही म्हणले म्हणजे अर्ज पोचला तरी." मग पुन्हा आत जाऊन बसतो. आज सुनीती असती तर आईच्या मायेने तिने त्याला जवळ घेतले असते. मी त्याला चहा देतो. दिवसातून किती चहा प्यावा याला काही मर्यादा असते, ती आम्ही केव्हाच ओलांडली.

आता मुख्य गोष्ट. मी मारुतीला रोडग्यांचा नवस बोललो होतो, की पोराला नोकरी लागली की गावाला रोडगे घालीन. दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी नयन खोलीतून हसत बाहेर आला. (हसणे मी इतक्या दिवसांनी पाहिले की आधी मला त्याचा दात दुखतो असे वाटले.) म्हणाला, "बाबा, नागपूरच्या कंपनीच्या यादीत नाव आलं. शनिवारी बोलावलं." आता तूच सांग, दहावीच्या निकालापासून घरकुलापर्यंत, यादीत नाव आले म्हणजे झाले, हेच आपण जन्मभर पाहिले की नाही? शेवटच्या मुलाखतीला बोलवायचीसुद्धा यादी लावतात, हे मला कोण सांगणार? आणि चांगल्या बातमीला उलटे प्रश्न विचारले तर नजर लागते, म्हणून मीही विचारले नाही. शनिवार तर मारुतीचाच वार. तो पहाटे नागपूरला गेला आणि मी रोडगे भाजायला गोवऱ्या रचल्या.

गाव जमले. उकंडाने कणीक मळली, खेमसिंगने वांगी चिरली, मी उगाच इकडून तिकडे धावून सगळ्यांच्या कामात अडथळा आणला. राखेतून रोडगे काढले, तूप घातले, पहिली पंगत बसली, आणि नयन एसटीतून उतरला. लोकांनी त्याच्या कपाळाला गुलाल लावला, गळ्यात हार घातला. ताई, मी त्याचे तोंड पाहिले आणि मला कळले. चुलीजवळ होतो तिथेच बसलो. त्याने मात्र हार काढून मारुतीला घातला, बाह्या वर केल्या, भाजीची बादली उचलली आणि वाढायला लागला. एकेकाला आग्रह करकरून वाढले. शेवटची पंगत उठायच्या आधी हात जोडून म्हणाला, "मंडळी, नोकरी नाही लागली. आजच नाही म्हणलं त्यायनं. चूक बाबाची नाही, मीच नीट सांगतलं नाही. शोधून राह्यलो. तुम्ही पोटभर जेवा."

हातातला घास कोणी खाईना, टाकीना. मग उकंडा बोलला, "अरे बापू, रोडगे तं पोटात गेले, आता वापस कसे करावं? तुले नोकरी लागल्याबिगर आमाले हे पचतीन काय?" आणि हसता हसता एकेकाला खरेच ओझे वाटायला लागले बघ. खेमसिंग म्हणाला, "माह्यासंग वणीले चाल, कोळशाच्या ट्रकवर हिसाबाले मानूस पाह्यजे." फुलचंदने जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांच्या पावत्या करायला बोलावले. रोज सकाळी कोणीतरी ओट्यावर येऊन नवी नोकरी सुचवते. (काल एकाने बँडमध्ये झांजा वाजवायची सुचवली.) नयनने पावत्यांचे काम हंगामापुरते धरले. दुपारी जिनिंग, सकाळी अर्ज. मारुतीच्या गुरवाला मी विचारले, महाराज, नवस आधीच फेडला गेला, आता पुढे? तर म्हणाला, "रामराव, मारुती काही मोबाइल नाही, आधी रिचार्ज मारून ठेवाले." ही माझ्या जिवाला नवी काळजी. देव मला उतावळा तर समजला नसेल? पण एवढे खरे, की त्या दिवसापासून पोरगा मान वर करून गावातून चालतो. लपवायचे काही राहिलेच नाही.

तू काळजी करू नये. मीही करत नाही.

तुझा,
रामराव

ता. क. रोडग्यांबरोबरची भाजी शिजवायला तुझा मागे आणलेला मोठा गंज काढला होता, तो इकडेच आहे. (काठ थोडा चेपला आहे. तो आधीच चेपलेला असावा.) नयनच्या हाती पाठवतो.

ता. क. दुसरे. गंज हे निमित्त आहे. तो आला की चार दिवस ठेवून घे. टीव्ही बिघडला म्हण, काहीही म्हण. नोकरीचे विचारू नको, नुसते जेवू घाल. माझ्यासमोर तो रडत नाही, ताई. तुझ्याजवळ रडेल. मी सांगितले असे कळू देऊ नको.

ता. क. तिसरे (हे नयनचे). आत्या, सा. न. पाकिटावर पत्ता लिहायला बाबांनी हे माझ्याकडे दिलं, वाचू नको म्हणून चारदा बजावलं, म्हणून वाचलं. गंज घेऊन मी बाबांनाच पाठवतो. चार दिवस ठेवून घे. त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय. माझी मुलाखत असली की दाराबाहेर उदबत्ती लावून बसतात, धूर आत येतो आणि मी साहेबांसमोर खोकतो. टीव्ही बिघडला म्हण, काहीही म्हण. बुधवारी आणखी एक मुलाखत आहे. बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं की गोवऱ्या रचायला घेतील.