सातव्या वहीतली खोडलेली ओळ

मी, हिमानी रामू पागधरे, वय ५८, राहणार शिरगाव, तालुका पालघर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. रागावलेली बाई वेडी नसते, हे आधी नोंदवून घ्यावे.

१. घर आई साखरबाई हिच्याकडे, तिच्यामागे भाची तानीकडे. भाऊ मेहुल याने आईचा मासळी वाळवायचा ओटा न विचारता फोडून तिथे गाडी उभी केली. त्याने गाडीतच राहावे.

२. डोळा, कान, नाक आणि हात मिळून माणूस वस्तू कशी ओळखतो, यावर मी तीस वर्षे संशोधन केले. त्याच्या सगळ्या वह्या तानीच्या. सातवी वही मात्र अटीवर.

त्या वहीत गावातल्या बारा बायकांची उत्तरे आहेत. डोळे बांधून त्यांच्या हाती सुके बोंबील दिले होते. मोडतानाचा आवाज ऐकून, चाचपून, हुंगून एवढेच सांगायचे होते, नीट वाळला का? अकरा जणी हो म्हणाल्या. आई म्हणाली, "याला औषदाचा वास हाय. हा कोनाला देऊ नका."

पट्टी काढली तर बोंबील स्वच्छ, पांढरे. आमच्या संशोधन संस्थेचे प्रमुख डॉ. विक्रम दाभाडे म्हणाले, "हे प्रश्नाचं उत्तरच नाही. ओळ काढा." मी काढली. सख्ख्या आईची, लाल पेनाने. महिन्याभरात, ते बोंबील जिथे धरले होते त्या खाडीच्या तोंडाशी, रसायनाने मेलेल्या मासळीचा थर आला. ती ओळ गाळून छापलेल्या निबंधाची दुरुस्ती छापा म्हणून मी अकरा पत्रे लिहिली. दाभाड्यांचे उत्तर एकच, "छापून झालंय."

तानीने ती ओळ आईच्या नावासह छापावी. माझ्या शोकसभेत दाभाडे बोलायला उठले तर त्यांना खाली बसवावे.

३. आईला आता दिसत नाही. काल कच्च्या प्रतीवर मी सही केली तेव्हा वकील हर्षित म्हणाले, "त्यांनी पाहिलं नाही, त्यांची साक्ष धरता येणार नाही." आई कडाडली, "पेन चालला तो आयकला मी. शाईचा वास आला. पोरीचा हात धरला होता मी, सही होईस्तोवर. आनी काय बगायचं?"

कायद्याला दोन साक्षी पुरतात. तिसरी साक्ष, आईचा अंगठा, कायद्याने धरला नाही तरी चालेल. खोडायचा मात्र कोणी नाही.

सही: हिमानी रामू पागधरे
साक्षीदार: १. विजया तामोरे २. कीर्ती मेहेर
३. साखरबाई रामू पागधरे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

पालघर, १४ मार्च २०२४