वारा नव्हता, दीक्षा

कडाव,
२ मे २०२५, शुक्रवार

प्रिय दीक्षा,
सप्रेम जयभीम.

तुझी-माझी एक तक्रार जुनी आहे: आपल्या माणसाला चुकायची मुभा नाही. दुसऱ्याचं पोर पडलं तर ते एकटंच पडतं. आपलं पडलं की लोक म्हणतात, ‘बघा, ह्यांना झेपलं नाय.’ पंचवीस वर्षं मी हे माईकवरून ओरडतोय. पण तुला तरी ती मुभा मी कुठे दिली?

आधी घरची खबर. तुझी आई बरी आहे. कालव्याच्या पाण्यावरचं उन्हाळी भात कापणीला आलंय. शेजारच्या सोनुबाईंचा निरोप आहे, ‘पोरीला सांग, इमान आमच्या शेतावरनं नेशील तवा वाईच खाली घे, पाखरं तरी उडतील.’ प्लास्टर कधी काढणार? बोटं हलतात ना? फोनवर विचारलं असतं, पण मी बोलायला लागलो की थांबत नाही आणि तू मुकाट ऐकत राहतेस. म्हणून कागद. आमचा राकेश उद्या तुला भेटायला निघतोय, त्याच्या हाती देतो.

आता जे टाळतोय ते.

मार्चमध्ये तू विमान शिकण्यातून सुट्टी काढून आली होतीस तेव्हा ओट्यावर बसून, उलथन्याचं विमान करून आम्हाला उतरणं दाखवत होतीस. ‘खाली येताना गडबड वाटली की इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, पुन्हा वर जायचं, फेरी मारून परत यायचं. त्यात लाज नाय मामा. आमचे शिकवणारे सर म्हणतात, जो पुन्हा वर जातो त्याच्यावर माझा जास्त भरवसा.’

मी हसलो. ‘आपल्याला माघार माहीत नाय,’ म्हणालो.

तुझी आई भाकरी थापताना म्हणाली, ‘दादा, ती काय सांगते ते ऐक तरी. तुझ्या तोंडाला बिरेकच नाय.’

दहा एप्रिलला तुझा फोन आला. ‘पुढच्या आठवड्यात सर मला एकटीला सोडणार. कोणाला सांगू नको हां.’ चार दिवसांनी जयंती. समोर सगळा गाव, कशेळ्यापासून आलेली माणसं. मी म्हणालो, ‘आपली दीक्षा आज एकटी विमान उडवते!’ तू अजून एकदाही एकटी उडाली नव्हतीस. टाळ्या थांबेनात, आणि त्या टाळ्यांच्या भरात मी वर जोडलं, ‘तिला माघार माहीत नाही!’ त्याचा व्हिडिओ मीच राकेशला तुझ्याकडे पाठवायला लावला.

अठरा तारखेला तू खरंच एकटी गेलीस. विमान धावपट्टीवर आपटून उसळलं, पुन्हा उसळलं. पुढचं चाक वाकलं, पंखा जमिनीला घासला, तुझं मनगट मोडलं. मला तू फोनवर सांगितलंस, ‘वारा आला मामा.’ राकेशला मात्र खरं सांगितलंस. पहिल्या उसळीलाच तुझा हात जोर द्यायला गेला होता, आणि कानात मी ओरडलो, ‘माघार माहीत नाही!’ हात थांबला.

हे मला राकेशनं परवा सांगितलं. पण खोटं का बोलू? मला आधीच कळलं होतं. त्या दिवशी धावपट्टीवरची वारा दाखवणारी पिशवी काठीला नुसती लोंबत होती, हे तुझ्याच तोंडून निसटलं होतं. तरी सरांनी लेखी खुलासा मागितला तेव्हा तो लिहून कोणी दिला? मी. ‘अकस्मात आलेल्या वाऱ्याच्या झोतामुळे’ ही माझी भाषा आहे. तू विचारलंस, ‘मामा, हे खरं नाय ना?’ मी म्हणालो, ‘लोकांना काय सांगायचं मग?’

भिंतभर पुस्तकं वाचून मला एवढंच सुचलं. तुझं मनगट मोडलं होतं आणि मी माझं भाषण वाचवत होतो.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. सांगितलं, ‘जयंतीला मी खोटं बोललो. तेव्हा दीक्षा एकटी उडाली नव्हती.’ मग सोनुबाई म्हणाल्या, ‘मंग आता उडाली का नाय?’

‘उडाली. पण उतरताना आपटली.’

‘आपटली म्हंजी उडालीच की रं! जमिनीवरनं कोन आपटतंय?’

सगळे हसले. तुझी आई हसता हसता रडली. दीक्षा, ज्या लोकांची मला भीती होती ते हे असे आहेत. त्यांना तुझं चुकणं चाललं. चालत नव्हतं ते मला.

सरांनी खुलासा परत दिलाय आणि सोमवारपर्यंत वेळ दिलाय, हेही राकेशनं सांगितलं. ‘चूक मी सुधारू शकतो, खोट्याचं काय करू?’ असं ते म्हणाले ना? बरोबर आहे त्यांचं. तो कागद तसाच पुन्हा दिलास तर ते तुला विमानाला हात लावू देणार नाहीत, आणि देऊही नये. खरं लिहिलंस तर कदाचित देतील. खात्री मी देत नाही; खात्र्या देऊनच इथवर आलोय. पुढे उडायचं की नाही, तेही तूच ठरव. मी त्यावर एक शब्द बोलणार नाही.

फक्त हे कर. सोमवारी सरांकडे जा. माझा कागद त्यांच्यासमोर फाड आणि तुझ्या शब्दांत लिही: ‘वारा नव्हता. पुन्हा वर जायला हवं होतं. मामाच्या शब्दाला भ्याले, म्हणून गेले नाही.’ माझं नाव पूर्ण लिही. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे तर डाव्यानं लिही. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

माघार घेतलेला, तुझा
रत्नदीप मामा