बिबट्या भिजत घातला तेव्हा

चिंचवड, फेब्रुवारी १९५७

प्रिय इंदू,

तुझ्या आईची तब्येत ठणठणीत आहे, हे आधी सांगते. आवाज तर असा, की मध्यंतरी त्यांनी शेजारच्या गोजाबाईंना अंगणातून हाक मारून पार नदीच्या वाटेवरून माघारी बोलावलं. त्याला कारण आमचा बिबट्या.

तुझा भाऊ मालोजी वारल्यावर मी सयाजीरावांच्या, मेलेल्या जनावरांत पेंढा भरण्याच्या कारखान्यात शिवणकाम धरलं, ते तुला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात ते शिडीवरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये. नेमका तेव्हाच एका शाळेसाठी बिबट्या उभा करायचा होता. कातडं कमावलेलं, पण कित्येक वर्षं ट्रंकेत पडून पापडासारखं कडक झालेलं. सांगाड्यावर चढवायचं तर आधी भिजवून मऊ करायला हवं. मी म्हटलं, मी करते. म्हटलं खरं, पण घडी उलगडताना चिरलं असतं, तर दुसरं कुठून आणणार?

विहीर दारात म्हणून कातडं घरीच आणलं. आई कडाडल्या, "अगं बया, मेलेलं जनावर घरात? न्हाई चालायचं!" आणि थोड्या वेळाने स्वतःच कढत पाण्याचा हंडा घेऊन हजर. "ऊन पाण्यात बिगीनं मऊ पडंल की!" मी धावत जाऊन हंडा अडवला, ऊन पाण्याने कातडं आक्रसून वाया जातं. मग गार पाण्यात मीठ घालून भिजवलं, निथळलं, आणि ओल सगळीकडे सारखी मुरावी म्हणून ओल्या धोतरात गुंडाळून ठेवलं. कान आणि ओठ तेवढे हट्टी. त्यांच्यावर ओले बोळे ठेवले, ते आईच बदलत बसल्या, तापातल्या लेकराच्या कपाळावरची पट्टी बदलावी तशा.

तेवढ्यात गोजाबाई ताक मागायला आल्या. धोतरातून शेपूट बाहेर आलेलं! त्या किंचाळत नदीकडे पळाल्या, आणि मागून आई, "गोजे, ये माघारी, मेलाय त्यो!"

दुसऱ्या दिवशी सयाजीराव बघायला आले. डाव्या हाताने कान दुमडून पाहिला, पोटाकडची बाजू ताणून पाहिली. कुठे चीर नाही, केस सुटलेला नाही. "कुसुम, झकास!" म्हणाले आणि नुसते हसत उभे राहिले. मीही हसत होते, का ते कळत नव्हतं. आई भाकरी थापायच्या थांबल्या. "नुसतं हसून किती दिस काढनार, सयाजी? इचार की तिला!" ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "तुम्ही एकट्या पडाल, म्हणून गप्प होतो." "येडा हाईस. मला बी ने की संगं!"

पुढे ते सांगत गेले, मी सांगाड्यावर चढवून शिवत गेले, आणि बिबट्या आता शाळेत उभा आहे. गोजाबाई गावातल्या बायकांना घेऊन जाऊन दाखवतात.

पण इंदू, त्या दिवशी सयाजीरावांनी मला लग्नाचं विचारलं, त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मन कधीच हो म्हणालंय. तुझ्या भावाच्या आठवणीने तुला वाईट वाटेल का, एवढ्यासाठीच थांबले आहे. तू ये. रागावायचं असेल तर समोर बसून रागाव. आणि आनंद झाला, तर माझ्या हातात हिरवा चुडा तूच भर. फक्त लग्नानंतर मला नावाने हाक मारू नकोस. मी तुझी वहिनीच राहीन.

वाट बघणारी, तुझीच,
कुसुमवहिनी