शिबिराला मी गेले नाही

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडावंसं वाटतंय.

दहावीत होते मी. थंडीचे दिवस, लेण्याद्रीच्या बाजूने येणारं वारं आणि वसतिगृहामागच्या मैदानावर आमचा खो-खोचा सराव. माझी आणि डिंगोऱ्याच्या माझ्या मैत्रिणीची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती. महिनाभर बाहेर राहायचं होतं. तुम्ही आमच्या गणिताच्या बाई आणि वसतिगृहाच्या रेक्टरही. तिच्या घरचे येऊन तिला घेऊन गेले, तिथे तुमचं काही चाललं नाही. माझ्या वडिलांना मात्र तुम्ही निरोप धाडलात. आंबेगावच्या डोंगराकडून एसट्या बदलत ते आले, ऑफिसच्या दारात चपला काढून उभे राहिले. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, पोरगी गणितात हुशार आहे, पुढे शिकवायची असेल तर आत्ता पाठवू नका, असं तुम्ही समजावलंत. ते एवढंच म्हणाले, "बाई, तुमी म्हनाल तसं. आमाला त्यातलं काय कळतंय."

त्या दिवशी मी जेवायला नाही म्हटलं. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, ताट वाढून माझ्यासमोर ठेवलंत आणि शेजारी बसलात. समजूत काढली नाहीत, रागावला नाहीत. मी पहिला घास घेईपर्यंत उठलाही नाहीत. मग परीक्षेपर्यंत रोज, बाकीच्या मुली मैदानावर पळत असताना, तुम्ही मला भूमिती शिकवलीत.

निकाल तुम्ही म्हणाला होतात तसाच लागला. मी शिकले, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाले. मैत्रीण गणितात नापास झाली, पुन्हा बसली नाही, लवकरच तिचं लग्न झालं. तुमच्या आजारपणात मी भेटायला आले तेव्हा माझा हात धरून तुम्ही विचारलंत, "तुला अडवलं, ते चुकलं का गं माझं?" मी नाही म्हटलं, आणि ते अगदी मनापासून होतं.

परवा ती मैत्रीण आळेफाट्याला भेटली, नाशिकच्या गाडीची वाट बघत होती. हात शेतात राबून खरबरीत झालेले. तिच्याकडे बघून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण चहा पिताना तिनं शिबिराचं काढलं आणि तिचा चेहराच बदलला. तिथल्या मुली, ते मैदान, एका डावात ती कुणाच्याच हाती लागली नाही ते, सगळं सांगत सुटली. "लई भारी व्हतं गं," ती म्हणाली. "तू पायजे व्हतीस. रोज वाटायचं, आज येशील." नापास झाल्याचं तिच्या बोलण्यात कुठेच नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, बाई.

तेव्हापासून मी हाच विचार करतेय. तुमच्या जागी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण तुम्ही वडिलांना बोलावलंत, त्यांना विचारलंत. मला कोणीच विचारलं नाही. विचारलं असतंत तर मीच थांबलेही असते.

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीच. तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. तुमच्यासमोर मला अजून मोठ्यानं बोलता येत नाही.