मागे दोन बोटं जास्त

मी, पोलो शर्टांचा कारागीर, वय वर्षे एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आजार बरा होणारा नाही. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली. त्यातले नऊ दिवस मी कच्चे कागद फाडण्यात घालवले.

१. घर. कारखान्यावरच्या दोन खोल्या, गॅलरीसह, माझ्या मुलीला. तिची आई गेल्यापासून तिनेच मला सांभाळले. दर रविवारी ती गॅलरीचे दार लावून फोनवर बोलते. "कोणाचा गं?" विचारले की म्हणते, "मैत्रिणीचा." मैत्रिणीला 'दादा' कधीपासून म्हणायला लागलीस, हे मी अकरा वर्षांत विचारलेले नाही. विचारायला तोंडच नव्हते.

२. ओव्हरलॉक मशीन आणि वाफेची इस्त्री बटणे लावणाऱ्या मावशींना. त्यांच्याइतके मला कोणी झापलेले नाही, आणि बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर होते.

३. समोरचा सूटवाला जन्मभर माझ्या मालाला 'कॉलर लावलेलं बनियन' म्हणत आला. त्याच्या मापाचा पांढरा शर्ट कपाटात तयार आहे, तो त्याला द्यावा. पोट सुटल्यापासून त्याला सूट घालून जिना चढवत नाही. घालून बघ म्हणावं.

त्याच्या माहितीसाठी या बनियनाची कुळकथाही लिहून ठेवतो. पूर्वी टेनिस खेळणारे लांब बाह्यांचा, कडक कॉलरचा शर्ट घालून उन्हात धावत. एका खेळाडूला त्याचा वीट आला. त्याने जाळीदार विणीचे कापड घेतले, बाह्या आखूड केल्या, कॉलर मऊ केली, गळ्याखाली बटणांची छोटी पट्टी ठेवली. घोड्यावरून पोलो खेळणाऱ्यांनी तो शर्ट उचलला आणि नाव त्यांचे चिकटले. मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हे आमच्या धंद्यात नवे नाही. पुढे छातीवर चित्र आले, खिसा आला. शर्ट गोल्फच्या मैदानावरून ऑफिसात शिरला, पेट्रोल पंपावर गणवेश झाला. कधी अंगासरसा, कधी दोघे मावतील एवढा ढगळ, पुन्हा अंगासरसा. प्रत्येक नव्या तऱ्हेला मी शिव्या घातल्या आणि प्रत्येक शिवली. एक गोष्ट मात्र सोडली नाही: पाठ पुढच्या बाजूपेक्षा दोन बोटं लांब. खेळताना माणूस वाकला तरी खोचलेला शर्ट मागून सुटू नये, म्हणून. हे वडिलांनी मला शिकवले, मी मुलाला.

४. खालचा कारखाना, पुठ्ठ्याचे सगळे साचे आणि माझी मोठी कात्री माझ्या मुलाला.

याचे कारण लिहिणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी टेनिस क्लबच्या दोनशे शर्टांची कापणी त्याच्यावर सोपवून मी तापाने पडलो होतो. उठून पाहतो तर दोनशेच्या दोनशे पाठी पुढच्या बाजूइतक्याच, सरळ कापलेल्या.

"बाबा, आता शर्ट खोचतं कोण? सगळे बाहेरच सोडतात. मागून नुसतं लोंबतं ते."

"दोनशे शर्टांची वाट लावलीस! पुन्हा या कात्रीला हात लावायचा नाही."

"मग मी इथे करू काय?"

"चालता हो."

तो झाला.

आता लिहितो ते मुलीलाही ठाऊक नाही. तेच शर्ट शिवून धाडावे लागले. पाचव्या दिवशी क्लबचे प्रशिक्षक आले. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. ते म्हणाले, "या वेळचे झकास झालेत. पुढच्या वेळीही असेच द्या." तेव्हापासून मी प्रत्येक पाठ सरळच कापली; वर 'सोडली नाही' लिहिले ते खरे नाही. मावशींना सांगितले, क्लबचा हट्ट आहे. मुलाला निरोप धाडला नाही. आज धाडू, उद्या धाडू करत अकरा वर्षे गेली. 'माझी चूक झाली' एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात, आणि आता दिवसच उरलेले नाहीत. मला त्याला बघायचे आहे. फार भीती वाटते की तो येणार नाही.

५. मसुदा वाचून वकीलबाईंनी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून कलम ४ रद्द. ते सगळे मुलीला द्यावे. पुढे कात्री कोणाच्या हाती द्यायची हे तिला कळते. मुलाला मी काहीही ठेवत नाही. तो साक्षीदार आहे.

साक्षीदाराला सही होताना डोळ्यांनी पाहावी लागते. म्हणून मी अजून सही केलेली नाही. वकीलबाई म्हणाल्या, "काका, तो आला नाही तर हा नुसता कागद राहील."

"राहू दे," मी म्हणालो.

पोरी, हे वाचून झाले की गॅलरीत जा आणि त्याला फोन लाव. या वेळी दार उघडं ठेव.

ठिकाण: कारखान्यावरची खोली.
तारीख: तो येईल ती.
लिहून ठेवणाऱ्याची सही: (जागा रिकामी)
साक्षीदार पहिला: डॉक्टर. बोलावले की येतो म्हणाले आहेत.
साक्षीदार दुसरा: माझा मुलगा. पेन कापणीच्या टेबलावर, कात्रीशेजारी ठेवले आहे.